भाऊजींची दोन इंजिनं

"मॅडम, रास्ता खुल गया. गाड़ी भेज दूँ?"

ट्रान्सपोर्टवाल्याचा हा फोन आला तेव्हा मी भाऊजींच्या खोलीतल्या चादरी धुवायला काढत होते. तेरावं होऊन गेलं होतं, आलेली मंडळी आपापल्या गावी परतली होती. आदल्या रात्री वारा सुटला, थोडा पाऊसही पडून गेला, आणि दिल्लीची हवा कितीतरी दिवसांनी माणसाने आत घ्यायच्या लायकीची झाली. म्हणून डिझेलच्या ट्रकांवरची बंदी उठली होती. हिवाळाभर हा गृहस्थ इमानेइतबारे सकाळी फोन करायचा, "आज भी बंद है जी" म्हणून सांगायचा, आणि भाऊजी नाकातली नळी सावरत "अच्छा" म्हणायचे. भाऊजी गेल्यापासून त्यांचा फोन बंदच होता, आणि त्याला कळवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी सांगितलं, साहब नहीं रहे. "हे राम," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "तो मॅडम... बोट का क्या करना है?"

काय करायचं त्या बोटीचं, हा प्रश्न आमच्या घरात कितीतरी वर्षांचा. शरदभाऊजी माझे धाकटे दीर. आमचं मूळ गाव वेंगुर्लं. भाऊजी नोकरीसाठी दिल्लीत आले ते केंद्र सरकारच्या नद्या मोजणाऱ्या खात्यात. यमुनेत खात्याची एक मोटरबोट होती, दोन इंजिनांची. तिच्यावरून पाण्याची खोली मोजायची, गाळ मोजायचा, हे यांचं काम. पुढे यमुनेत पाण्यापेक्षा फेसच जास्त झाला आणि बोट खात्याने भंगारात काढली. ती कुणी घ्यावी? आमच्या या शहाण्याने! लोक निवृत्तीला अंगठी घेतात, चारधामला जातात. भाऊजी बोट घेऊन आले. क्रेनने उचलून नोएड्यात आमच्या घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर ठेवली. प्लॉटचा मालक राहतो गुरुग्रामला, कुठल्यातरी उंच टॉवरात. "जब तक बनाना नहीं है, रखो अंकल," म्हणाला. समुद्र कुठे, नोएडा कुठे! कॉलनीतली पोरं तिच्यासमोर सेल्फी काढायची आणि बायका मला विचारायच्या, "भाभीजी, ये चलेगी कहाँ?" मी म्हणायची, "माझ्या डोक्यावर." मराठीत म्हणायची म्हणून बरं.

आमचे हे गेले, त्यानंतर घरात मी आणि भाऊजी दोघंच उरलो. त्यांनी लग्न केलं नव्हतं, माझी लेक सासरी. एकमेकांवर चिडत, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत आमचं बरं चाललं होतं. मग त्यांची फुप्फुसं गेली. विडी नाही, सिगारेट नाही, पण आयुष्यभर डिझेलचा धूर आणि वर दिल्लीची हवा. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. त्या मशीनची नळी त्यांच्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोचायची, दारापर्यंत नाही. "वहिनी, दाव्याला बांधलंय मला," ते हसून म्हणायचे. हसले की खोकायचे. खिडकीतून समोर बोट दिसायची. दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पुढचा हिवाळा यांनी दिल्लीत काढायचा नाही. गावी जा, समुद्राची हवा घ्या.

मी तिकिटं काढायला बसले. भाऊजी म्हणाले, "बोटीशिवाय मी जाणार नाही."

अस्सा राग आला मला! म्हटलं, भाऊजी, तुम्ही पुढे व्हा, बोट मागून पाठवते. तर म्हणाले, मागून काही येत नाही, वहिनी. मग त्यांनी आबांच्या होडीची गोष्ट सांगितली. आबा म्हणजे माझे सासरे. मला ती तोपर्यंत ठाऊक नव्हती. आबांची इंजिनवाली होडी होती. भाऊजींनीच ती चालवायची असं ठरलेलं होतं. पण दिल्लीची नोकरी लागली, हे निघाले, म्हणाले सुट्टीत येऊन बघतो. आबांना एकट्याने झेपेना. त्यांनी इंजिन काढून विकलं. होडी वाळूत पडून राहिली. आधी पोरं तिच्यावर खेळायची, मग चुलीसाठी कुणी फळी ने, कुणी खुंट ने, असं होत होत शेवटचं लाकूड शिमग्याच्या होळीत गेलं. भाऊजी त्या वर्षी नेमके गावी होते. "आपल्याच होडीची होळी बघितली मी," म्हणाले. "इंजिन काढलेली बोट म्हणजे सरपण, वहिनी. हिच्यात इंजिनं घालून हिला खाडीत सोडायची एकदा. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." मी तिकिटं ठेवून दिली.

जुनी इंजिनं पार धरलेली होती, गंजाचे गोळे नुसते. करोल बागेत गाड्यांच्या पार्टचं दुकान असलेले इक्बालभाई भाऊजींचे जुने मित्र. त्यांनी ट्रकची दोन इंजिनं बोटीसाठी तयार करून आणली. जुनी काढायची तर वरचं डेक कापावं लागलं. तीन पायांचा लोखंडी घोडा उभा केला, त्याला साखळीची कप्पी, आणि एकेक धूड वर. भाऊजी खिडकीत बसून फोनवरून हुकूम सोडत होते. फोन लागला नाही की मी निरोप्या. दिल्लीतल्या एका मंत्रालयात जन्मभर फायली वर-खाली केल्या, आता भर उन्हात "साहब कहते हैं थोड़ा बाएँ" करत रस्ता ओलांडत होते. नवी इंजिनं जुन्या जागेवर बसेनात. मग इंजिनं ज्यांवर बसतात ते पाट कापून नवे केले. इंजिन आणि पाणी मागे लोटणाऱ्या पंख्याचा दांडा एका रेषेत हवा, कागद सरकेल एवढीही फट चालायची नाही, यापायी कितीतरी दिवस गेले. भाऊजींचा चेहरा मात्र त्या दिवसांत उजळला होता. सकाळी उठून दाढी करायचे. जेवताना वाद घालायचे. मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर ओरडायचेसुद्धा, आणि मला आत कुठेतरी बरं वाटायचं.

ठरलं होतं नारळी पौर्णिमेचं. कोकणात त्या दिवशी समुद्राला नारळ दिला की होड्या पाण्यात लोटतात. त्याआधी वेंगुर्ल्याला पोचायचं. ट्रक सांगून ठेवला होता. आणि मग ती चूक निघाली. भाऊजींना छोटा सिलिंडर लावून खुर्चीवर बसवून प्लॉटवर नेलं होतं. मला म्हणाले, "तुम्ही पाना फिरवा वहिनी, मी मागून पंखे बघतो." इंजिन बंद असतानाही लांब दांड्याच्या पान्याने हाताने फिरवता येतं, तेव्हा पंखाही फिरतो. मी उजवं फिरवलं, मग डावं फिरवलं. बोटीमागून काही आवाजच येईना. घाबरून खाली उतरले, तर भाऊजी कपाळाला हात लावून बसलेले. दोन्ही पंखे एकाच दिशेला फिरत होते! दोन इंजिनांच्या बोटीत एक पंखा उजवीकडे फिरतो, एक डावीकडे, नाहीतर बोट सारखी एका अंगाला ओढते, हे मलासुद्धा इतक्या दिवसांत कळलं होतं. यांनी मात्र सुटे भाग सोपे जातील म्हणून इक्बालभाईंना बजावून सांगितलं होतं, सगळं बिल्कुल एकसारखं हवं. गिअरसुद्धा एकसारखे आले. "जन्म गेला बोटीत, आणि ही माती खाल्ली!" असं म्हणून ते इतके हसले की सिलिंडरचा ऑक्सिजन वाढवावा लागला. इक्बालभाई म्हणाले, "पूछना तो मुझे चाहिए था यार." डाव्या बाजूसाठी पंखा उलटा फिरवणारा गिअर मुंबईहून मागवला. नव्याने बंद केलेलं डेक परत कापलं. तेवढ्यात नारळी पौर्णिमा गेली, गणपतीही गेले.

सगळं जागच्या जागी बसलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. आकाश निळं, हवा स्वच्छ, रस्ते मोकळे. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, उद्या भेजता हूँ. आणि भाऊजी म्हणाले, "पितृपक्षात नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. देवाला हात न जोडणारा माणूस! माझ्या सत्यनारायणाला फक्त शिऱ्यापुरते उठणारे! म्हणाले, आबांनी पितृपक्षात कधी नवं इंजिन सुरू केलं नाही, आणि सुरू करून बघितल्याशिवाय बोट मी ट्रकवर चढवणार नाही. दसऱ्याला पूजा करू, सुरू करू, दुसऱ्या दिवशी निघू. मी भांडले. भांडले म्हणजे, शेजारच्या मिसेस खन्ना विचारायला आल्या इतकी भांडले. "आबा गेले त्याला इतकी वर्षं झाली की तुम्हालाही पेन्शन लागली, भाऊजी! कुणाला घाबरता?" ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "त्यांचं एकदा ऐकलं नाही, वहिनी. आता एवढं ऐकू द्या."

दसऱ्याला इंजिनांना झेंडूच्या माळा घातल्या, हळद-कुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. निरांजन लावलं नाही, कारण शेजारी खुर्चीत सिलिंडर लावलेला माणूस. इंजिनांच्या थंडाव्यासाठी पाण्याचा पिंप भरून पाइप आत सोडला होता. इक्बालभाईंनी चावी फिरवली. इंजिन धडधडलं, आणि पहिला पांढरा धूर भसकन् बाहेर आला तो सरळ भाऊजींच्या अंगावर. त्यांचा श्वास अडकला. खुर्चीसकट उचलून आत आणलं, मशीनला जोडलं, खिडकी बंद केली. तेवढ्यात दुसरंही सुरू झालं. बंद खिडकीच्या काचेला तळहात लावून ते बसले होते. काच थरथरत होती. "दोन्ही चालू आहेत ना, वहिनी?" मी म्हटलं, हो. "एकावर बोट सरळ जात नाही हां..." एवढंच बोलले. ज्या इंजिनांसाठी श्वास राखून ठेवला, ती बघायलाही तेवढा श्वास पुरला नाही. त्या काचेकडे मला अजून बघवत नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवस ते अंथरुणावरून उठले नाहीत. उठले तेव्हा बाहेर पिवळट धुकं उतरलं होतं. दिवाळीच्या आत ट्रकांना बंदी झाली. हवा सुधारली की बंदी उठेल, म्हणाले. कसली सुधारते! खिडकीतून आधी बोटीचं टोक दिसेनासं झालं, मग बोटच. तरी दर रविवारी मला पान्यासह प्लॉटवर पाठवायचे. "बंद इंजिन आठवड्यातून एकदा हलवायचं, नाहीतर आतल्या आत धरतं." मास्क लावून मी जायची, दोन्ही फिरवायची, येऊन सांगायची. शेवटचे काही दिवस मी म्हणायची, आता तरी विमानाने जाऊ या. पण तोपर्यंत डॉक्टरच नको म्हणत होते. एका सकाळी ट्रान्सपोर्टवाल्याच्या फोनला त्यांनी "अच्छा" म्हटलं, फोन माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. दुपारी गेले.

ते गेल्यावर प्लॉटच्या मालकाने निरोप पाठवला. आता बांधकाम काढायचंय, बोट हलवा. वर एक उपायही सुचवला. त्याच्या ओळखीच्या एकाला रेस्टॉरंटच्या लॉनवर ठेवायला बोट हवी आहे. "बस इंजिन निकलवा दीजिए, आंटी, वज़न कम हो जाएगा." मी फोनवर काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. मग गावाकडे चुलतदिरांना कळवलं की बोट पाठवते. ते म्हणाले, "वयनी, वर्साच्या आत नवा काय करूचा नसता. बोट पाण्यात नको हां." वर्षाच्या आत नको, पितृपक्षात नको, हवा वाईट असताना नको... हातपाय बांधल्यासारखे ते दोन-तीन दिवस गेले. ट्रान्सपोर्टवाल्याला मी भेज दो म्हणून सांगितलं त्याच संध्याकाळी वारा पडला आणि बंदी परत लागली. आता रोज सकाळी फोन मला येतो. "आज भी बंद है जी." आणि मी "अच्छा" म्हणते. अगदी त्यांच्यासारखंच म्हणते, हे परवा माझं मलाच ऐकू आलं.

आज रविवार. सकाळी प्लॉटवर जाऊन आले. उजवं सहज फिरलं. डावं जरा जड जातं, पण फिरतं. पावसाच्या आत कधीतरी रस्ता खुलेलच, तेव्हा ट्रकपाठोपाठ मीही वेंगुर्ल्याला जाणार आहे. बोट पाण्यात कधी लोटायची तेही ठरवलंय. नारळी पौर्णिमेला नाही, दसऱ्याला नाही. पितृपक्षातच! चुलतदीर काय म्हणायचं ते म्हणोत. आबांसाठी तुम्ही थांबलात, भाऊजी. आता तुम्हीच पितर झालात, आणि तुमच्यासाठी मी मुळीच थांबणार नाही. त्या पंधरवड्यात पितर घरी जेवायला येतात म्हणतात. तुम्ही नोएड्याला येऊ नका, घराला कुलूप असेल. सरळ खाडीवर या. दोन्ही इंजिनं चालू असतील. पान मी बोटीवरच वाढणार आहे.