मन्नतीच्या कोंबड्याची पिसं

हैदरचाचांना नळदुर्गात दर्जी म्हणून ओळखणारे थोडे, माशीवाले म्हणून ओळखणारे फार. त्यांनी शिवलेल्या सदऱ्याची एक बाही हमखास लांब निघायची. गाव सोसायचं, कारण माणूस गोड. आमची आणि त्यांची भिंत एक, त्यामुळे ही हकिगत मी मैमुनाचाचींकडून इतक्यांदा ऐकलीय की चाचा मध्ये बोलू लागले तर आम्ही दोघी त्यांनाच गप्प करायचो.

करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाच्या वेळचा जकातनाका, विलीनीकरणानंतर काही वर्षांनी उठला. तिथल्या साहेबांनी आपली मासे धरायची लवचीक काठी खोळ शिवायला हैदरकडे टाकली होती. खोळ तयार झाली, पण साहेब हैदराबादला गेले ते गेलेच. हैदरनं निरोपावर निरोप पाठवले. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यानं काठी बाहेर काढली. तेव्हा तो विशीतला होता.

काठीबरोबर एक डबी होती. तिच्यात पिसं आणि दोरा गुंडाळून गळांच्या माश्या केलेल्या होत्या, अगदी खऱ्यासारख्या. हैदरनं मग आपल्या गावचं शहाणपण केलं. माशीवर कणकेची गोळी थापली! बोरी नदीत गळ टाकणारा प्रत्येक जण तेच तर करायचा. माशी दगडासारखी बुडाली. मग कणीक काढून नुसती माशी फेकली, तर ती आधी त्याच्याच टोपीत अडकली आणि नंतर धुणं धुणाऱ्या सीताबाईंच्या लुगड्यात. शिव्या पोटभर मिळाल्या. पण एका सकाळी ती माशी किल्ल्याच्या बंधाऱ्याखालच्या डोहावर हलकेच टेकली, आणि खालून मरळ मासा उसळून तिच्यावर झेपावला. शिवणाची मशीन त्या दिवशी बंदच राहिली. पुढं जन्मभर अशीच राहत गेली, असं चाची म्हणतात.

डबीतल्या माश्या लवकरच संपल्या. काही माशांनी नेल्या, बऱ्याच बाभळींनी. नव्या बांधायला दर्ज्याचा हात होता, मेण लावलेला दोरा होता, फक्त कोंबड्याच्या मानेची पिसं हवी होती. पलीकडच्या घरात फातिमाबींचा लालभडक मानेचा कोंबडा होता. पण तो मन्नतीचा. लेकीचं, मैमुनाचं, लग्न ठरलं की तो दर्ग्याला द्यायचा होता. आणि लग्न ठरत होतं ते हैदरशीच. उमरग्याचं एक ट्रकवाल्यांचं स्थळही आलं होतं, पण फातिमाबींनी त्यांना नुसतं थांबवून ठेवलं होतं.

हैदरनं भिंतीवरून मैमुनाकडं गळून पडलेली पिसं मागितली. ती शेपटीची निघाली. मैमुनाला अर्धवट काम कधीच आवडलं नाही. तिनं कोंबडा धरला आणि मानेची उपटून दिली. पुन्हा दिली. मन्नतीच्या जनावरात खोट चालत नाही हे दोघांनाही पाठ होतं, पण पिसं कोण बघतंय?

फातिमाबींनी बघितली. मंगनी तोंडावर आली म्हणून कोंबडा धुवायला घेतला, तर मान उघडीबोडकी.

"कुणी केलं हे?"

हैदर धावत आला. "म्या केलं, खाला."

"खोटं बोलायलेत ते," मैमुना आतून ओरडली. "समदी म्या उपटली."

"कशापायी?"

"मासे धरायला," हैदर म्हणाला.

"पिसानं मासे? मला येडी समजायलास व्हय रे?" फातिमाबी तडकल्या. "सकाळी नदीवर येते म्या. पिसानं मासा धरून दाव. न्हाय दावलास, तर पोर उमरग्याला दिली म्हणून समज."

सकाळी फातिमाबी बुरखा सावरून दगडावर बसल्या. मागं मैमुना, जीव मुठीत धरून. हैदरनं माशी फेकली, काही नाही. पुन्हा फेकली. आणि पाणी फुटलं. मोठा थोरला मरळ! काठी वाकली, दोरा ताणला, मासा हवेत उसळला आणि गळ तोडून गेला.

मैमुनानं डोळे मिटले. तिला उमरगा दिसू लागला.

तेवढ्यात तिला हसू ऐकू आलं. हैदर गुडघाभर पाण्यात उभा राहून खदखदून हसत होता. "बघितला का, खाला? केवढा होता! मलाच वढून न्यायला होता की!" आपण काय गमावलंय, हे बेट्याच्या ध्यानातच नव्हतं. मैमुनाला वाटलं, याला डोहात ढकलावं.

फातिमाबी उठल्या. त्यांचे मालक हयात होते तेव्हा धंद्यात खोट आली की घरातली भांडी आपटायचे, आणि भांड्यांनी भागलं नाही की माणसं. सगळ्या गल्लीला ते ऐकू यायचं.

"चल घरी," त्या लेकीला म्हणाल्या. "उमरग्याला न्हाय म्हणून सांगायचं."

"पन अम्मा, मासा तर गेला."

"म्हणूनच. हातचं गेल्यावर हसणारा पुरुष म्या आज पहिल्यांदा बघितला. ह्याच्या घरी तू उपाशी राहशील पोरी, पन मार खाणार न्हाईस."

कोंबड्याची मान भरेपर्यंत मंगनी थांबली. तोवर हैदर रोज भिंतीवरून वाकून ती मान बघायचा.

उपाशी राहायची पाळी तेवढी एक-दोनदा आली, असं चाची सांगतात. दुसरी कधीच आली नाही.