तुकड्याची डॉक्टरीन

फिलोमिना मॅडम तुकडा बघण्याआधी माणूस बघायच्या. आमच्या पेशात हे सहसा कोणी करत नाही. गाठीचा किंवा जखमेचा छोटासा तुकडा बाटलीतून आमच्याकडे येतो, त्याचे अगदी पातळ काप काचेवर चढतात, आम्ही ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि कोणता आजार दिसतो ते लिहून देतो. पेशंट आमच्यापर्यंत पोचतच नाही. वसईतल्या आमच्या लॅबमध्ये मात्र मॅडमच्या टेबलासमोर एक बाकडं होतं आणि रिपोर्टची वाट बघणारं कोणी ना कोणी त्यावर बसलेलं असायचं.

मी तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते, एव्हरशाईन सिटीत राहायला आले होते. मी त्यांना विचारलं, "मॅडम, काचेवर जे असेल तेच दिसणार ना? माणूस बघून काय फरक पडतो?"

"काच तीच राहते," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याचा कंटाळा जातो."

बाकड्यावरच्या माणसाला त्या खोटा धीर द्यायच्या नाहीत. "साधीच गाठ असेल हो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "अजून कळलेलं नाही. कळलं की मीच सांगीन," एवढंच. कोणी फार वैतागलं, एका तुकड्याला इतके दिवस का लागतात म्हणून भांडायला लागलं, तर त्याला सरळ आत घेऊन जायच्या. तुकडा मेणात कसा बसवतात, त्याचा काप कोमट पाण्यावर कसा तरंगतो, मग त्यावर गुलाबी-जांभळा रंग कसा चढतो, हे सगळं दाखवायच्या. माणूस बाहेर येईपर्यंत त्याचा आवाज खाली आलेला असायचा.

पाचूबंदरची हिरा अशीच आली. जेट्टीवर मासळी विकणारी, तिशीतली बाई. स्तनात टणक गाठ, वरची कातडी लालसर झालेली. सोनोग्राफीत कॅन्सरचा संशय लिहून आला होता आणि सर्जननी सांगून टाकलं होतं की बहुतेक स्तन काढावा लागेल. ती बाकड्यावर बसली नाही. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "तुमीच ना त्या तुकड्याची डॉक्टरीन? माजा तुकडा कोनता ता दाखवा मना."

मॅडमनी दाखवला. मेणाच्या वडीतला तो कण हिराने अगदी जवळ वाकून बघितला. मग म्हणाली, "येवड्याशात काय कलनार?"

"बघू," मॅडम म्हणाल्या.

काचेवर कॅन्सर नव्हता. वेगळ्याच प्रकारची सूज होती. मॅडमनी सर्जनना फोन केला. पलीकडून ते जरा चिडूनच बोलत होते. हाताला गाठ कॅन्सरचीच लागतेय, फोटोतही तसंच आहे, तुकडा घेणारी सुई नेमक्या जागी गेली नसेल, असं त्यांचं म्हणणं.

"सुई चुकली असेल, शक्य आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच म्हणते, दुसऱ्या जागेचा तुकडा पाठवा. पण जे मला दिसलं नाही ते मी लिहिणार नाही, आणि तोपर्यंत तुम्ही काही कापू नका."

दुसऱ्या तुकड्यातही तेच दिसलं. मग वेगळा रंग लावून त्या दिवसभर एकेक कोपरा शोधत बसल्या आणि संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या होत्या. क्षयाचे जंतू. हिराला टीबी होता, गोळ्यांनी बरा होणारा. गाठ हळूहळू विरघळली, स्तन वाचला. हिरा भेटायला आली ती शेजारणीला घेऊन. त्या बाईच्या गालात आतून चट्टा होता आणि भीतीने ती तो लपवत होती. पुढे पाचूबंदरच्या बायका आपण होऊन येऊ लागल्या. "तुकड्याची डॉक्टरीन" हे नाव तिथूनच पडलं आणि मॅडमना ते मनापासून आवडायचं.

मॅडम मूळच्या वसईजवळच्या पापडीच्या. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. एका रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी गीतांच्या पुस्तकातली ओळ त्यांना मध्येच वाकलेली दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. नेत्रपटलाच्या मधला भाग झिजत चालला होता. समोरचं धुरकट आणि वाकडं दिसणार, कडेचं नीट दिसणार.

दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या, पण आपल्या खुर्चीत बसल्या नाहीत. ती माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आजपासून तू बघ. आणि मागच्या दोन-तीन महिन्यांत मी पाहिलेल्या सगळ्या काचा बाहेर काढ. त्या परत बघायच्या."

"मॅडम, तुमचं काही चुकलं नसेल."

"ते तू काच बघून सांग."

मी बघत गेले. सगळं त्यांनी लिहिल्याप्रमाणेच निघत होतं आणि मला बरं वाटायला लागलं होतं. मग एक जठराची काच आली. रिपोर्टमध्ये अल्सर, कॅन्सर नाही, असं होतं. तुकड्याच्या कडेला काही पेशी विखुरलेल्या होत्या, खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या. हा कॅन्सर असाच दबा धरून बसतो. चांगल्या नजरेतूनही सुटू शकतो. मी खास रंग लावून खात्री केली आणि मॅडमना सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, लगेच काढला.

"मला मध्ये नुसतं धुकं दिसतंय. तू सांग काय दिसतंय ते."

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "बरोबर आहे," म्हणाल्या. "नाव कोणाचं आहे?"

नाव पापडीच्याच एका निवृत्त शिक्षकांचं होतं. मॅडमच्याच चर्चचे. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

त्यांच्या डॉक्टरांना मॅडमनी लगेच फोन केला. पेशंटला आम्ही बोलावून घेतो, तुम्ही त्रास घेऊ नका, असं ते म्हणाले. "सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी जाते." मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले.

मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोने, मेरीबायने, हसून खुर्च्या पुढे केल्या. मॅडम बसल्या नाहीत.

"मास्तर, तुमच्या तुकड्यात कॅन्सर आहे. मी नाही म्हणून लिहिलं होतं. माझ्या नजरेतून सुटलं."

मेरीबायनी पुढे केलेली खुर्ची परत मागे ओढली. मग म्हणाल्या, "तुझा रिपोर्ट आला म्हणून मी सगळ्यांना सांगून आले. नातेवाइकांना फोन केले. आणि आता तू हे सांगतेस."

"हो," मॅडम म्हणाल्या. डोळ्यांचं कारण त्यांनी सांगितलं नाही. मी सांगायला लागले तर त्यांनी माझा हात दाबला.

मास्तरांनी एवढंच विचारलं, "उशीर झाला का?"

"अजून नाही. पण आता थांबायचं नाही. उद्याच डॉक्टरांकडे जा."

ऑपरेशन झालं, जठराचा बराचसा भाग काढावा लागला, पुढचे उपचारही झाले. मास्तर आता थोडं थोडं खातात, वाडीत फिरतात, केळीच्या घडांवरून गड्याशी वाद घालतात. मास्तरांकडे गेलेल्या त्या दिवसानंतर मॅडम लॅबमध्ये कामाला आल्या नाहीत. मीच अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. कठीण काच असली की जे दिसतं ते बोलून दाखवायचे आणि त्या प्रश्न विचारायच्या. कडेला काय आहे, हा त्यांचा प्रश्न हटकून असायचा.

मेरीबाय मात्र त्यांच्याशी बोलत नव्हत्या. चर्चच्या दारात समोर आल्या की तोंड फिरवायच्या. मास्तरांना डोळ्यांचं कळलं होतं, त्यांनी घरी सांगितलंही होतं, तरी नाही. मी एकदा त्याबद्दल बोलले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तिला राग यायलाच हवा. मी समजावायला गेले तर माझंच समाधान करायला गेल्यासारखं होईल."

गेल्या नाताळला मॅडमच्या भावाला ताप होता, म्हणून मी त्यांना चर्चला घेऊन गेले. मिस्सा संपली, गर्दी बाहेर पडत होती आणि गाडी जवळ आणायला मी त्यांना पोर्चमध्ये उभं करून गेले. परत वळून पाहिलं तर त्या माझी वाट न बघता एकट्याच निघाल्या होत्या, पायाने चाचपत. मी धावले, पण माझ्या आधी गर्दीतून मेरीबाय आल्या. त्यांनी मॅडमचा दंड धरला.

"पायरी आहे, बाय," त्या म्हणाल्या. "सावकाश."