पयलं पान वाचा, मंग पाहू

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की भाऊंचा उजवा पाय आधी हलायचा. काउंटरखाली एक लोखंडी स्टूल असायचं, हिरव्या प्लास्टिकच्या वायरने विणलेलं. ते पायानेच बाहेर ढकलायचे, हातात पुस्तक द्यायचे आणि म्हणायचे, "पयलं पान वाचा, मंग पाहू."

वाचल्याशिवाय पुस्तक विकायचं नाही, हा त्यांचा नेम. आपण वाचत असताना ते आपल्या तोंडाकडे बघत बसायचे. तुमच्यापैकी जे अमरावतीत शिकले, त्यांच्यातल्या कुणी ना कुणी ती नजर सोसली असेल. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला कोचिंग क्लासचा जिना आणि मध्ये हे अरुंद दुकान. पुढे परीक्षांची गाईडं, मागे कथा-कादंबऱ्या. पाटीवर नुसतं 'पुस्तके' लिहिलेलं. मालकाचं नाव कुणी विचारलं नाही, सगळे भाऊच म्हणायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवी नवरी होते. भातकुलीकडची, शेतकऱ्याघरची, पण स्वतःला भारीच शिकलेली समजणारी. जावेच्या बैठकीत काचेचं कपाट होतं आणि त्यात जाड पुस्तकांची रांग. मलाही तशी रांग हवी होती. भाऊंना सांगितलं, एका उंचीची चार-पाच द्या, जमल्यास लाल पाठीची. ती मुलगी आज समोर आली तर तिचा कान पिळीन. पुस्तकं घ्यायला निघताना तिने अबोलीचा गजरासुद्धा माळला होता.

"वहिनी, पुस्तकं पायजे का इटा?" भाऊंनी विचारलं.

तरी मी एक जाडजूड लाल पुस्तक उचललंच. स्टूल बाहेर आलं. मी पहिलं पान अशा तालात वाचलं, जशी काही शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी होते. त्यांनी पुस्तक हळूच काढून घेतलं. "याच्यावर तुमी फुलदाणी ठेवसान," म्हणाले, आणि कोपरे दुमडलेलं एक बारकं पुस्तक दिलं. ते मी रागारागानेच उघडलं. मांडीवर मेथीची जुडी होती. ती सुकली, ऊन पायरीवरून आत आलं, शेवटी यजमान सायकलवर शोधत आले. तोवर मी कुठल्या कुठे पोचले होते. काचेचं कपाट आमच्याकडे कधी आलंच नाही. जावेला वाटतं ते पैशांमुळे. वाटू द्या.

असं बरीच वर्षं चाललं. गाईड घ्यायला आलेल्या पोरांनाही भाऊ स्टूल द्यायचे, आणि निम्मी पोरं गाईडासोबत एखादी कादंबरी घेऊन घरी बोलणी खायची. मग लोकांच्या हातात मोबाईल आले.

एकदा मी मागच्या कपाटाशी होते, तेव्हा एक जोडपं आलं. बाई स्टुलावर बसली, चार पानं वाचली, खुदकन हसली. भाऊंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तेवढ्यात नवऱ्याने वरच्या कव्हराचा फोटो काढला, तिथल्या तिथे मोबाईलमध्ये शोधलं आणि बायकोला म्हणाला, "इथे स्वस्त आहे. परवा घरी येईल." जाताना दोघं हसून म्हणाले, "थँक यू काका." भाऊ म्हणाले, "या जी."

माझ्या अंगाची लाही झाली. भाऊ मात्र पुस्तक पुसून जागेवर ठेवत होते.

"वाचलं ना पण तिनं," ते म्हणाले. "हासली, पायलं ना तुमी?"

मग मी कंबर कसली. रोज संध्याकाळी जाऊन स्टूलच अडवून बसायला लागले, विणकाम घेऊन. हातात मोबाईल असलेलं कुणी आलं की मी सांगायचे, स्टूल मोडकं आहे. एकदा एक कॉलेजची मुलगी आली. भाऊंनी आपली खुर्ची आणून तिच्यासाठी ठेवली आणि स्वतः उभे राहिले. पाय सुजलेले, तरी उभे. तेव्हा मलाच लाज वाटून मी उठले. मग मी त्यांच्याकडून 'फोटो काढू नये' अशी पाटी लिहवून घेतली. ती त्यांनी दाराच्या मागे लावली. पुढच्या खेपेला त्या कॉलेजच्या मुलीने ती हुडकून विचारलं, तर म्हणाले, "ते आमच्या वहिनीसाठी हाय."

एक दिवस मी सरळच म्हटलं, "भाऊ, लोकायले वाचूच देऊ नका ना."

ते म्हणाले, "न वाचता घ्याचं, तं थे मोबाईलवरबी भेटते. मंग माह्यापाशी काहून येतीन कोनी?"

यावर तुम्हाला काही उत्तर सुचतंय का बघा. वाचू द्यावं तर लोक वाचून जातात, न द्यावं तर येतच नाहीत.

मी माझ्या परीने पुस्तकं घेत राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी घेत राहिले. एकट्या म्हातारीच्या पिशवीवर दुकान चालतं थोडंच? त्यात एक पुस्तक मी मुद्दामच विकत घेत नव्हते. स्टुलावर बसून रोज थोडं वाचायचं, बसचं तिकीट खुणेला घालून भाऊंकडे ठेवायचं. तेवढंच रोज जायला निमित्त. शेवटी घेणारच होते.

बोलता बोलता फोनवर मी त्या पुस्तकाचं नाव पुण्याच्या नातवाला सांगून बसले. माझ्या वाढदिवसाला दारात पार्सल. आत तेच पुस्तक. "आजी, उन्हात दुकानात कशाला जातेस?" नातू म्हणाला. इतक्या प्रेमाने पाठवलेलं, त्याला काय बोलणार? आणि पुस्तकही असं, की समोर असताना हात आवरेना. दोन दिवसांत संपवलं.

तरी मी दुकानात गेले. स्टुलावर बसले, तिकीट काढलं आणि जिथे हसायचं तिथे हसले. तोंडावर पदरही घेतला. लहानपणी शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम द्यायचे, ते उगाच नव्हे. वर बघितलं तर भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वहिनी, हे पान तुमचं वाचून झालं हाय."

मी तिकीट पुन्हा पानात घातलं.

"पुढं चांगलं निंगालं ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. भाऊंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, खुणेचं तिकीट काढून मला परत दिलं आणि पुस्तक कपाटात लावलं. मी विकत घेते म्हटलं, तर म्हणाले, पहिलं पान वाचून पुढचं वाचावंसं वाटलं तरच पुस्तक विकायचं, हा माझा नेम; तुमचं तर सगळंच वाचून झालं.

उन्हाळ्यात दुकान बंद झालं. गाईडं झेरॉक्सवाल्याने उचलली, कादंबऱ्या एका शाळेला दिल्या. भाऊंची मुलगी येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली.

दिवाळीनंतर मी बसने त्यांना भेटायला गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीत खुर्ची. मुलगी बिचारी वडिलांना करमावं म्हणून मोबाईलवरून पुस्तकं मागवते. मी तिथे असतानाच बेल वाजली. मुलगी आत स्वयंपाकात होती. मी दार उघडलं. पाठीवर गोणीएवढी पिशवी घेतलेला, घामाने भिजलेला माणूस. भाऊ उठून दारापर्यंत आले आणि तिथलं प्लास्टिकचं स्टूल त्यांनी पायाने पुढे ढकललं.

"बसा जी जरा."

तो हसला. "बसलो तं बाकीचे पार्सल कोन वाटन काका?" असं म्हणून पार्सल भाऊंच्या हाती ठेवून तो जिना उतरून गेलाही.

"आत काय हाय, हे त्यालेबी मालूम नाई," भाऊ म्हणाले, आणि पार्सल माझ्या हातात देऊन गॅलरीकडे वळले.

स्टूल दारात तसंच राहिलं. मी त्यावर बसले, खोका फोडला आणि पहिलं पान वाचलं. चांगलं होतं. वाचून वर बघितलं, तर भाऊ गॅलरीच्या कठड्याला धरून खाली बघत होते. तो माणूस पिशवी सावरत गाडी सुरू करत होता.

मग मी उगाचच हसले, चांगली मोठ्याने. त्या पानावर हसण्यासारखं काही नव्हतं. भाऊंनी वळून पाहिलं नाही.