बांगड्याचं कार्ड

काल मुलीच्या शाळेत कुणी कार्डं लॅमिनेट करत होतं. गरम प्लास्टिकचा तो वास आला आणि मी थेट परदेशातल्या, टूनगॅबी उपनगरातल्या शनिवारच्या मराठी वर्गात जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी तिथे युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि त्या वर्गावर फुकट शिकवायचे. मी मालवणची. मुलांसाठी कित्येक शनिवार खपून माशांची चित्रं काढली, खाली आमच्या घरात बोलतात तसंच लिहिलं, ‘हो बांगडो. माका व्हयो,’ म्हणजे हा बांगडा, मला हवा, आणि लॅमिनेट करून कार्डं केली. मुलं कार्डं नाचवत ओरडायला लागली, “माका व्हयो! माका व्हयो!”

वर्ग चालवणाऱ्या पुण्याच्या बाई आत आल्या. एक कार्ड चिमटीत धरून म्हणाल्या, “अगं, मुलांना मराठी शिकवायचंय, हे असलं नाही.” मग मुलांकडे वळून हसल्या, “चला, लाइन करा. आपापलं कार्ड कचऱ्याच्या बिनमध्ये टाका आणि ताईला थँक यू म्हणा.”

मुलांनी शहाण्यासारखी लाइन केली. प्रत्येकाने कार्ड टाकलं आणि माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हटलं, “थँक यू, ताई.”

तेव्हा वाटलं होतं, बाईंना शिकवता येत नाही. छे! उत्तम येत होतं. माझे कित्येक शनिवार त्यांनी एका मिनिटात पुसले, आणि एकही मूल रडलं नाही.