मधमाशांची चारची वेळ

मधमाशांना घड्याळ कळतं, हे मला समजलं तेव्हा आमच्या ओट्यावर मलकापूरचे पाहुणे बसले होते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि माझ्यासारख्या मॅट्रिक होऊन घरी लोळणाऱ्यांचं काही तरी करावं, असं कुणाच्या तरी मनात आलं. मला मधमाशा पाळायच्या वर्गाला धाडलं. पंधरा दिवस शिकलो (त्यातल्या दुपारी झोपेत गेल्या) आणि एक पेटी घेऊन आमच्या गावी, उंद्रीला परतलो. फाल्गुन लागला. तूर, करडी निघाली, फुलं सरली, नाला आटला. अशा दिवसांत माशांना पाणी द्यावं लागतं, आणि थोडा साखरेचा पाक, तोही संध्याकाळी पेटीच्या आत. 'आत' हा भाग बहुधा दुपारी शिकवला होता.

मी सरळ ओट्यावर पितळी थाळी मांडली! साखर कार्डावर मिळायची, आई तिला हात लावू देईना. म्हणून गुळाचं पाणी, आणि माशा बुडू नयेत म्हणून त्यात खडे. रोज बरोबर चारला, कारण मी तेव्हा झोपेतून उठायचो. आठ दिवसांत माशा माझ्याआधी हजर राहू लागल्या.

इकडे माझी बहीण कमल हिला दोन ठिकाणांहून नकार आला होता. (एकांना ती सावळी वाटली, दुसऱ्यांना फार बोलकी.) आता मलकापूरच्या कापूस व्यापाऱ्याचा मुलगा यायचा होता. त्याचा फोटो कमल पोथीत लपवून पाहायची. हे स्थळ हुकलं असतं तर आईनं अंथरूण धरलं असतं.

बाबांनी मला बजावलं, "पाहुने येतीन तवा तुह्या माशा दिसल्या नाही पाह्यजे. पेटी वावरात नेऊन ठेव."

मी म्हणालो, काही गरज नाही, आज गूळ ठेवतच नाही. जेवायलाच नाही तर येतील कशाला? एवढी अक्कल मी वर्गातही पाजळली नव्हती.

पाहुणे आले, पाय धुऊन सतरंजीवर टेकले. आईनं पाण्याचे पेले त्याच पितळी थाळीत आणले. चार वाजले. माशा आल्या.

थाळी त्यांनी ओळखली. गूळ नाही म्हटल्यावर पाहुण्यांची झडती सुरू केली! मुलाचे मामा पेल्यासकट अंगणात उतरले. वडील टोपीनं माशा झटकू लागले, म्हणजे नेमकं करू नये तेच. मी घाईघाईनं सांगितलं की हलू नका, गरीब असतात त्या. मुलानं बिचाऱ्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याच्या कानात अत्तराचा फाया होता. एक माशी तिथंच डसली. कान बघता बघता वांग्याएवढा झाला.

मुलाचे वडील उठले आणि बैलगाडी जुंपायला सांगितली. आईनं तोंडाला पदर लावला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या हातानं बहिणीचं वाटोळं केलं होतं मी.

तेवढ्यात कमल बाहेर आली, चहा न घेताच. गुळाच्या पाण्याची परात तिनं लांब गोठ्यापाशी ठेवली. माशा तिकडं वळल्या. मग मुलाजवळ जाऊन म्हणाली, "चोळू नका, काटा अंदर जाते." आणि नखानं काटा खरवडून काढला. बघायला आलेल्या मुलाचा कान मुलीनंच धरला, असं उंद्रीत पहिल्यांदाच घडलं असावं.

मुलगा वडिलांना म्हणाला, "आबा, बसा. कानपिळी तं आजच झाली. आता तारीख काढा."

आणि खरंच निघाली तारीख. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान सख्ख्या भावाचा. पण मलकापूरहून आधीच निरोप आला, की हा मान दुसऱ्या कुणाला द्या. चुलतभावानं कान पिळला, शेला त्यालाच मिळाला. मला, 'याले माशांचा अनुभव हाये' म्हणून, बुंदीच्या टोपल्यांपाशी पंखा घेऊन बसवलं. दिवसभर वारा घातला मी. त्या तर साध्या घरमाशा होत्या. त्यांनीसुद्धा माझं ऐकलं नाही.