आक्कांची न पडणारी डेझी

सांगलीतल्या आमच्या शेजारच्या आक्कांनी आयुष्यात कधी फूल तोडलं नाही. घर जैनांचं, तरी घरातली बाकीची मंडळी खुशाल तोडायची; हा नेम एकट्या आक्कांचा. सकाळी प्राजक्ताखाली ताट घेऊन बसायच्या आणि पडेल तेवढं वेचायच्या. "झाडाच्या मनात आलं की देतंय ते. आपुन कशाला वरबाडायचं?" मी वाईची, लोकांच्या कुंपणावरची जास्वंद ओरबाडत वाढलेली. मला या बाईचं काही कळायचंच नाही.

लेकीच्या बाबतीतही तोच नेम. श्रुतीनं मनाविरुद्ध लग्न केलं आणि पुण्याला गेली. आक्कांनी तिला शिव्या दिल्या नाहीत, पण बोलावलंही नाही. "यायचं तवा ईल," एवढंच म्हणायच्या आणि दिवसभर फाटकाकडे बघायच्या. अहो, मग फोन करा की! पण नाही.

जाण्याआधी श्रुतीनं परसात पांढऱ्या डेझीची रोपं लावली होती. थंडीत ती फुलली आणि आक्का हरखल्या. मंदिरात न्यायची म्हणून ताट घेऊन बसल्या. आठवडा गेला, फूल ढिम्म! देठावरच सुकलं, पण पडलं नाही. पुढचंही तसंच. "आसलं कसलं गं फूल? पडंनाच की!" आक्का पार गोंधळल्या. खत घालून बघितलं, पाणी तोडून बघितलं, मला विचारून विचारून भंडावलं.

"आक्का, डेझी पडत नसते, खुडावी लागते," मी शेवटी वैतागून म्हटलं. त्यांनी हात देठापर्यंत नेला आणि मागे घेतला. डोळे भरले होते. फुलासाठी कुणी रडतं का? मला काही सुधरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात. "श्रुतीला फोन लावून दे गं." मी लावला. इतक्या महिन्यांनी आई लेकीशी बोलणार, आणि बोलली काय, तर "श्रुते, तुझं फूल पडंना गं. काय करू?"

पलीकडून रडका आवाज आला, "थांब आई. मी येते."

श्रुती आली ती चप्पल न काढताच परसात गेली. एक डेझी खुडली आणि वरूनच आक्कांच्या ताटात टाकली. "घे, पडलं बघ."

"लबाड हाय नुसती," आक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, की रडत, कोण जाणे.

आता त्या लेकीकडेच असतात. डेझी माझ्याकडे सोपवून गेल्यात. दर थंडीत फुलते, मी खुडायला हात पुढे करते आणि तसाच मागे घेते. का, ते मला विचारू नका.