सख्खा मी एकटाच

"अहो, ही जत्रा कशाला आणलीत? यात सख्खं भावंड कोण आहे?" सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडत होते.

"सख्खा मी एकटाच! पण रक्त एकच हाय, कुणाचं बी काढा!" मी छाती ठोकून म्हणालो.

आज साखर तपासायला रक्त देताना सुई टोचली, स्पिरिटचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचं ते माझं वाक्य कानात घणासारखं पडलं.

दादाला रक्ताचा कॅन्सर होता. कुणाच्या मूळ पेशी जुळल्या, तर एकीच्या दोन, दोनाच्या चार होत त्याच्या अंगात नवं रक्त उभं राहणार होतं. माझ्या जुळल्या नाहीत. मग मी उसाच्या ट्रॉलीतून भावकी आणली. माणसं चाळीस होती. गावात मी चारशे सांगत आलो. डॉक्टरांना आमचा डौल सोसवत नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

एकाचंही जुळेना. दादाचं चिपाड झालं. माण तालुक्यात दिलेली आमची थोरली बहीण अक्का आम्ही मोजलीच नव्हती. गोत्र बदललं म्हणजे रक्तही सासरचं झालं, असं आम्ही धरून चाललो होतो.

दादाला भेटायला आलेल्या अक्काला डॉक्टरांनीच नातं विचारलं आणि तिची तपासणी केली. तिचं तंतोतंत जुळलं. पण रिपोर्ट आला त्या दिवशी दादाच्या छातीत न्यूमोनिया भरला होता. तो गेला.

"अक्के, आधी का बोलली न्हाईस गं?" मी तिच्यापुढं हंबरडा फोडला.

"मला कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली.